दोन दिवसांत बावीस शिक्षकांना काय शिकवू? (वर्गातली साधनं निवडणं आणि वापरणं)

प्रयोगवही | ८ सप्टेंबर, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी,

मध्य उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते, सहावी ते आठवी. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून यंदा शाळेला तीन डिजिटल बोर्ड घेऊन दिले. ते नीट वापरले जावेत अशी मला फार तळमळ आहे. मुख्याध्यापिका बाईंनी शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं काम माझ्याकडे दिलंय. आम्ही बावीस जण. सगळ्यात धाकटी टीचर सव्वीस वर्षांची, सगळ्यात ज्येष्ठ सर पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत.

बोर्ड बसवायला आलेला माणूस दीड तास सगळं दाखवून गेला. पेन कुठलं, रंग कसा बदलायचा, पान कसं जपून ठेवायचं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिन्ही वर्गांत एकच प्रकार सुरू झाला: धड्याचं नाव टाइप करायचं, पुढे 'मराठी' लिहायचं, पहिला येईल तो व्हिडिओ लावायचा.

मीसुद्धा चंद्राच्या कला अशाच शिकवल्या. व्हिडिओ सुंदर होता, चार मिनिटांचा. मुलं हूं की चूं न करता बघत होती. संपल्यावर विचारलं, "अष्टमीला अर्धाच चंद्र का दिसतो?" जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, "पृथ्वीची सावली पडते." व्हिडिओत स्पष्ट उलट सांगितलं होतं!

दुसऱ्या दिवशी खिडक्यांना चादरी लावल्या, मधोमध एक बल्ब लावला आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला टोचलेला थर्माकोलचा चेंडू दिला. चेंडू समोर धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचं. तिसऱ्या बाकावरचा मुलगा ओरडला, "बाई, माझं डोकं म्हणजे पृथ्वी!" मग तोच व्हिडिओ पुन्हा लावला. आता मुलंच सांगत होती, "थांबवा, थांबवा, इथे अष्टमी."

व्हिडिओ तोच. पहिल्या दिवशी वाया गेला, दुसऱ्या दिवशी कामाला आला. ही गोष्ट मी माझ्या सहकाऱ्यांना दोन दिवसांत कशी शिकवू? बटणं दाखवणं सोपं आहे. कधी काय लावायचं आणि कधी काहीच लावायचं नाही, हे कसं शिकवतात? ज्यांनी अशी प्रशिक्षणं घेतलीत किंवा सोसलीत, त्यांनी कृपया लिहा.

निशिगंधा_म | ८ सप्टेंबर, रात्री १०:४०

चांगला धागा. वाचतेय. आमच्या शाळेत नवीन बोर्डाची दसऱ्याला झेंडूचा हार घालून पूजा केली. त्यानंतर हार काढायला कुणी धजावेना, म्हणून आठवडाभर बोर्ड बंदच होता :)

गुंडाळफळा | ८ सप्टेंबर, रात्री ११:२५

प्रयोगवही, तुमच्या चेंडूच्या तासाला मी असायला हवं होतं असं वाटलं.

मी डीएड कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. आमच्या काळी 'शैक्षणिक साहित्य' म्हणजे तक्ते, फलालीन फलक, गुंडाळफळा, फार झालं तर स्लाइड प्रोजेक्टर. पाठ टाचणात साहित्याचा रकाना असायचा आणि विद्यार्थी-शिक्षक तो डोळे मिटून भरायचे: 'तक्ता, खडू, फळा, डस्टर'. मी एकच प्रश्न विचारायचो, "हा तक्ता काढून घेतला तर तुझ्या पाठाचं काय बिघडेल?" ज्याला उत्तर देता यायचं, त्याचाच रकाना मी मान्य करायचो.

पडदा वर्गात येण्याची गोष्टही नवी नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे शाळांसाठीचे कार्यक्रम आले. माझ्या पहिल्या शाळेत टीव्ही सरकत्या दारांच्या लाकडी कपाटात असे आणि किल्ली हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये. किल्ली सापडेपर्यंत निम्मा कार्यक्रम संपलेला असायचा. पण एक पद्धत चांगली होती. कार्यक्रमाआधी शिक्षकाने काय बोलायचं आणि नंतर काय करून घ्यायचं, याचा कागद आम्ही तयार ठेवायचो. कार्यक्रम वीस मिनिटांचा, पण खरा पाठ त्याच्या दोन्ही बाजूंना.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात देशात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही पोचवला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आम्ही तो अभ्यासला तो एका कारणासाठी. त्यात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं, आणि ते देताना नुसत्या टीव्हीवर भरवसा ठेवला नाही. टीव्ही, रेडिओ, छापील पुस्तिका आणि हाताने करायचे प्रयोग, असं सगळं एकत्र बांधलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी उपग्रह हाताशी असलेल्यांना जे उमगलं होतं, तेच तुम्हाला बल्ब आणि चेंडूने उमगलंय.

पवईचा_बाबा | ९ सप्टेंबर, सकाळी ७:५२

थोडं वेगळं मत मांडतो. मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. शनिवारी मुलीच्या शाळेत संगणक कक्षात मदत करायला जातो.

धाग्यात 'बटणं' जरा हलक्यात घेतली जातायत असं वाटलं. मी पाहिलेला प्रसंग सांगतो. एका बाईंनी पंचावन्न मुलांसमोर बोर्ड सुरू केला, त्याने पासवर्ड मागितला. त्यांनी दोनदा चुकीचा टाकला. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, मी करू?" आणि वर्ग हसला. त्या बाईंनी त्यानंतर सबंध वर्ष बोर्डाला हात लावला नाही. पंचवीस वर्षं गणित शिकवलेली बाई! त्यांना निवड शिकवायला गेलात तर त्या खडूच निवडणार, आणि त्या निवडीमागे शिक्षणशास्त्र नसेल, भीती असेल. आधी हात बसू द्या. निवड त्यानंतर.

आठ_माध्यमं | ९ सप्टेंबर, दुपारी २:१०

पवईचा_बाबा, तुमचा प्रसंग अगदी खरा. पण मला वाटतं उलटीकडूनही वाट आहे. माझ्या वर्गात 'मी करू?' म्हणणाऱ्या मुलालाच मी बोर्डाचा मॉनिटर केलं. दर महिन्याला नवी जोडी. तासाआधी केबल, आवाज, पासवर्ड सगळं त्यांच्याकडे. ३५ मिनिटांच्या तासिकेतली आठ मिनिटं वाचली, आणि हसायला कुणाला कारण उरलं नाही.

मी महापालिकेच्या शाळेत आहे, गोवंडी भागात. महापालिका आठ माध्यमांतून शिकवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. माझा वर्ग मराठी माध्यमाचा, पण घरी मराठी बोलणारी मुलं निम्मीसुद्धा नाहीत. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या वडारी, कुणाच्या दखनी. जलचक्राच्या व्हिडिओत निवेदक म्हणतो, 'सूर्याच्या उष्णतेने जलाशयांतील पाण्याचे बाष्पीभवन होते.' माझी मुलं 'जलाशय' या शब्दालाच अडतात, तोवर ढग होऊन पाऊससुद्धा पडून जातो.

म्हणून मी आवाज बंद करते. आधी मुलं चित्र बघतात आणि आपल्या शब्दांत सांगतात काय चाललंय. 'पानी गरम होके भाप बनके उपर जा रहा है.' मी फळ्यावर 'वाफ' लिहिते, मग 'बाष्पीभवन'. तिसऱ्यांदा आवाज लावते, तेव्हा तो शब्द ओळखीचा झालेला असतो आणि मुलं तो येताच हात वर करतात. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. व्हिडिओचा आवाज बंद करता येतो आणि तो कधीही थांबवता येतो, एवढंच जरी तुम्ही दोन दिवसांत सगळ्यांकडून करून घेतलंत तरी पुष्कळ आहे.

कथाफलक | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३५

माझं काम शैक्षणिक व्हिडिओंच्या संहिता लिहायचं. दोन गोष्टी सांगते.

रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं चित्र-शब्द-आवाज एकत्र आले की शिकण्याचं काय होतं यावर प्रयोग केले. त्यातून निघालेल्या गोष्टी शिक्षकाला पाच मिनिटांत समजतात. निवेदक बोलतोय आणि तेच वाक्य पडद्यावर लिहिलेलंही येतंय, तर चित्राकडे बघायला डोळे मोकळे राहत नाहीत. पार्श्वसंगीत, नाचणारी अक्षरं, कोपऱ्यातलं कार्टून, हे सगळं मुलाच्या लक्षातला वाटा खातं. नाव आणि वस्तू पडद्यावर जवळजवळ हवीत. व्हिडिओ निवडताना शिक्षकाने हे एवढं बघितलं तरी निम्मे आपोआप गळतील.

दुसरी गोष्ट कळकळीने सांगते. प्रशिक्षणात 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के' अशी स्लाइड कृपया लावू नका. एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९४६ साली अनुभवांचा शंकू (प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंतची उतरंड) मांडला, तो खरा. त्यात टक्के नव्हते. ते नंतर कुणीतरी चिकटवले. आकडे असे गोल-गोल येतात तिथेच संशय घ्यावा.

गुंडाळफळा | ९ सप्टेंबर, रात्री ९:०५

कथाफलक, टक्क्यांबद्दल मनापासून आभार. मी स्वतः ते आकडे कित्येक वर्षं फळ्यावर लिहिले आहेत. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्ताच दुरुस्ती टाकली.

आठ_माध्यमं | ९ सप्टेंबर, रात्री ९:४८

कथाफलक, पडद्यावरच्या लिखाणाबद्दल थोडी असहमती. वर्गाची भाषा घरची नसते, तेव्हा ऐकलेला शब्द लिहिलेला दिसला तर आधार होतो. माझी मुलं 'बाष्पीभवन' नुसतं ऐकून 'बाश्पिबवन' लिहितात. पूर्ण वाक्य नको, पण कळीचा शब्द दिसू दे.

कथाफलक | ९ सप्टेंबर, रात्री १०:०२

मान्य. परक्या भाषेत शिकणाऱ्यांना पडद्यावरच्या शब्दांची मदत होते असं संशोधनातही दिसलंय. मुलं कोण आहेत हे आधी विचारायला हवं, ते मी लिहिताना सोडलं.

सुलभक | १० सप्टेंबर, सकाळी ६:४०

मी बरीच वर्षं सेवांतर्गत प्रशिक्षणांत सुलभक म्हणून काम केलंय. राज्यावर दहा दिवस चाललेलं प्रशिक्षण जिल्ह्यावर पाच दिवसांचं होतं, केंद्रावर दोन दिवसांचं, आणि शाळेत पोचतं ते एक पीडीएफ म्हणून. मी वरच्या पायरीवरही होतो आणि खालच्याही. वर आम्ही शिक्षकांकडून तासन् तास कृती करून घ्यायचो. खाली तीच कृती 'अशी कृती घ्यावी' या एका वाक्यात उरायची.

या विषयाला एक चौकट आहे, तिचा उपयोग होईल. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये मांडलं की विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि *हा* विषय *या* मुलांना कसा शिकवायचा हे तिसरंच ज्ञान आहे, ते फक्त शिक्षकाकडे असतं. अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईंना ठाऊक असतं की मुलं १/३ पेक्षा १/४ मोठा म्हणणार, कारण चार तिनापेक्षा मोठे. पुढे पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्याला तंत्रज्ञान जोडलं. त्यालाच 'टीपॅक' म्हणतात. सार असं की यंत्र, विषय आणि पद्धत तीन वेगवेगळ्या वर्गांत शिकवली तर ती शिक्षकाच्या डोक्यात जुळत नाहीत. धडा समोर ठेवूनच तिन्ही एकदम शिकवावी लागतात.

म्हणून पवईचा_बाबांशी मी सहमत आणि असहमत दोन्ही. हात बसला पाहिजे, पण तो *आपल्याच धड्यावर* बसू दे. 'आज आपण स्क्रीनशॉट शिकू' असं सांगितलं की शिक्षक विसरतात. 'तुमच्या नकाशावर मुलांनी केलेल्या खुणा उद्यासाठी जपून ठेवायच्या आहेत' असं म्हटलं की स्क्रीनशॉट जन्मभर लक्षात राहतो.

पवईचा_बाबा | १० सप्टेंबर, सकाळी ८:१५

सुलभक सर, पटलं. स्क्रीनशॉटचं उदाहरण मी माझ्या शनिवारच्या तासाला वापरणार.

तरी एक म्हणणं आहे. या धाग्यात सगळे व्हिडिओबद्दलच बोलतायत. बोर्डाची खरी ताकद तिथे नाहीच. जिओजेब्रा हे गणिताच्या आकृत्यांचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढा, तिन्ही कोन बदलत राहतात आणि बेरीज १८० वरून हलत नाही. मुलीच्या वर्गात एका मुलाने त्रिकोण इतका चपटा केला की रेषाच झाली, आणि विचारलं, "आता?" फळ्यावर हा प्रश्न पडलाच नसता. कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (पडद्यावर करून बघायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग) हीही तशीच, त्यातली बरीचशी मराठीत आहेत आणि उतरवून घेतली की नेट गेलं तरी चालतात.

माहीमचे_सर | १० सप्टेंबर, दुपारी ३:३०

मी मराठी शिकवतो, चौतीस वर्षं झाली. प्रशिक्षणात 'मी हे वापरणार नाही' असं म्हणायची मुभा असावी, अशी विनंती करायला आलोय. कविता शिकवताना पडद्यावर पाऊस दाखवला की मुलांच्या डोक्यातला पाऊस थांबतो. त्या तासाला मला कुठलंही चित्र नको असतं.

आता मी काय वापरतो ते सांगतो. माझा साधा मोबाइल. मुलं उतारा वाचतात, मी आवाज टिपून घेतो आणि त्यांनाच ऐकवतो. आठवीतली एक मुलगी भराभर वाचायची, स्वल्पविराम गिळायची. चार महिने मी सांगून थकलो. स्वतःचा आवाज एकदा ऐकला आणि म्हणाली, "सर, मी श्वासच घेत नाहीये." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिने कर्णाचा संवाद असा म्हटला की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. यात ना इंटरनेट लागलं ना बोर्ड.

निशिगंधा_म | १० सप्टेंबर, दुपारी ४:०२

सर, अंगावर काटा आला. उद्याच करून बघते.

स्पर्शलिपी | १० सप्टेंबर, रात्री ८:२०

मी विशेष शिक्षिका आहे, दृष्टिहीन आणि अंधुक दिसणाऱ्या मुलांसोबत काम करते. यातली कितीतरी मुलं आता तुमच्याच शाळांमध्ये, तुमच्याच वर्गांत आहेत.

निवडीची एक सोपी कसोटी देते. व्हिडिओ लावा आणि डोळे मिटून ऐका. 'इथे बघा, हा भाग असा फिरतो आणि मग असं होतं', एवढंच ऐकू येत असेल तर माझ्या विद्यार्थ्यासाठी तिथे काहीच नाही. मग आवाज बंद करून बघा. काहीच कळलं नाही तर ऐकू न येणाऱ्या मुलासाठी काही नाही. प्रशिक्षणात हे प्रत्यक्ष करून घ्या, दहा मिनिटं लागतात.

चंद्राच्या कलांच्या त्या पाठात अंधुक दिसणाऱ्या मुलासाठी काय करता येईल याचा विचार करत होते. अर्धा चेंडू सँडपेपरने मढवायचा आणि अर्धा गुळगुळीत ठेवायचा. खरखरीत बाजू नेहमी बल्बकडे. प्रत्येक ठिकाणी थांबून आपल्याकडच्या बाजूला हाताने किती खरखरीत लागतंय ते बघायचं. डोळस मुलांनाही ते आवडेल.

आणि संगणक वापरणाऱ्या मुलांसाठी एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मराठीही वाचतं. शाळेच्या संगणकांवर आजच टाकून ठेवा.

प्रयोगवही | १० सप्टेंबर, रात्री ९:१०

स्पर्शलिपी ताई, सँडपेपर! माझ्या सातवीत एक मुलगी आहे जिला जाड भिंगाशिवाय दिसत नाही. त्या दिवशी ती चेंडू नाकाजवळ धरून फिरत होती आणि मी 'लांब धर' म्हणत राहिले. आता कळलं ती काय करत होती. धन्यवाद.

सगळ्यांचं वाचतेय, लिहून घेतेय.

सायनची_आई | १० सप्टेंबर, रात्री १०:३०

मी पालक. एक गोष्ट प्रशिक्षणात जरूर घ्या. मुलांचे फोटो, व्हिडिओ, आवाज. डिजिटल उपक्रम झाला की लगेच ग्रुपवर, फेसबुकवर. उद्देश चांगला असतो, कौतुकच असतं, पण माझ्या मुलीचा चेहरा आणि गणवेश कुठवर जातो ते कुणालाच माहीत नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलांच्या नावाने खातं उघडायला लावणारी अ‍ॅप्स निवडतानाही हे बघायला हवं. माहीमच्या सरांचं रेकॉर्डिंग मला फार आवडलं. ते ऐकवून झाल्यावर पुसतात ना, सर?

माहीमचे_सर | ११ सप्टेंबर, सकाळी ७:०५

हो ताई, मुलासमोरच पुसतो. ती सवय विद्यार्थ्यांनीच लावली.

बोरिवली_फास्ट | ११ सप्टेंबर, सकाळी ९:२०

अवांतर: 'बालचित्रवाणी' कुणाला आठवते का? १९८४ पासून पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनायचे, दूरदर्शनवर लागायचे. २०१७ मध्ये संस्था बंद झाली. आम्ही सुट्टीतसुद्धा बघायचो.

आणि क्यूआर कोडची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवायची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी स्वतःच्या वर्गासाठी आधी राबवली. पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांत वाटली. शिक्षकाला फक्त 'वापरकर्ता' समजून प्रशिक्षण देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्या वर्गाची अडचण ओळखून साधन घडवणारा माणूस वर्गातच उभा होता.

गुंडाळफळा | ११ सप्टेंबर, सकाळी ११:४५

अगदी. आणि त्याही आधी आपल्याकडे बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ होत्याच. कोसबाडला त्यांनी माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे यांची साधनं केली. मूल काय शिकतंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून साधन बदलता आलं. मी डीएडच्या मुलांना कोसबाडला न्यायचो तेव्हा परतीच्या गाडीत प्रत्येकाच्या खिशात बिया असायच्या.

प्रयोगवही | १३ सप्टेंबर, रात्री ११:५०

मंडळी, आराखडा ठरला. बाईंनी मान्यताही दिली. पहिला बदल: सलग दोन दिवसांऐवजी दोन शनिवार, मध्ये पंधरा दिवस.

पहिल्या शनिवारी अकरा वाजेपर्यंत बोर्ड बंद. प्रत्येकाने आपला एकच धडा आणायचा, ज्यात मुलं दरवर्षी ठेचकाळतात. कागदावर लिहायचं: नेमकी कुठे आणि का. सुलभक सरांचं १/३ आणि १/४ मी उदाहरण म्हणून घेणार आहे. मग त्या अडचणीला काय लागेल याचा विचार. वस्तू, तक्ता, नुसता आवाज, हलतं चित्र, ओढून बघता येणारी आकृती, की काहीच नको. 'काहीच नको' हे उत्तर माहीमच्या सरांच्या नावाने मान्य आहे. निवडलं की गुंडाळफळा सरांचा प्रश्न: हे काढून घेतलं तर काय बिघडेल?

त्यानंतर बोर्ड सुरू. प्रत्येकाने सात मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी शेवटच्या बाकावर बसायचं. तिथून दिसतं का, पंख्याच्या आवाजात ऐकू येतं का, खिडकीतलं ऊन पडद्यावर येतं का, ते कळावं म्हणून. स्पर्शलिपी ताईंची डोळे मिटायची कसोटी तिथेच. बटणांचा धाक जावा म्हणून पुढच्या आठवडाभर ऑफ तासिकेला जोडीजोडीने सराव, एक धाकटी टीचर आणि एक ज्येष्ठ सर किंवा बाई, मुलं नसताना.

मधल्या पंधरा दिवसांत प्रत्येकाने तो धडा खऱ्या वर्गात घ्यायचा. एका सहकाऱ्याने मागे बसून *मुलांकडे* बघायचं. दुसऱ्या शनिवारी येताना मुलांच्या वह्या आणायच्या. व्हिडिओ आवडला का हे कुणी विचारणार नाही, वहीत काय लिहिलंय ते बघू.

काही सुटलंय का?

सुलभक | १४ सप्टेंबर, सकाळी ६:१५

मुलांच्या वह्या आणायचं फार चांगलं ठरवलंत. मी पाहिलेल्या बहुतेक प्रशिक्षणांत शेवटी शिक्षकांचा अभिप्राय-फॉर्म असतो, मुलांची वही कुणी मागत नाही. नवीन शैक्षणिक धोरणात २०२० पासून दर शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. तुमचे हे तास त्यात धरले जावेत म्हणून बाईंना नोंद ठेवायला सांगा.

कथाफलक | १४ सप्टेंबर, सकाळी १०:३०

एक सुटलंय. सापडलेली साधनं कुठे ठेवणार? शाळेच्या एका पेन ड्राइव्हवर इयत्तेनुसार फोल्डर करा, प्रत्येक फाइलसोबत दोन ओळी: कुठल्या मिनिटाला थांबवायचं आणि काय विचारायचं. पुढच्या वर्षी नवीन येणाऱ्या शिक्षकाला त्या दोन ओळींचाच उपयोग होईल. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्य आधीच उतरवून ठेवता येतं, तेही त्यातच.

प्रयोगवही | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

काल पहिला शनिवार झाला. एकच पाठ सांगते, कारण तो डोक्यातून जात नाहीये.

आमचे निवृत्तीला आलेले सर इतिहास शिकवतात. त्यांची अडचण: मुंबई सात बेटांची होती हे मुलं पाठ म्हणतात, पण आपण उभे आहोत तिथे पाणी होतं हे त्यांना पटत नाही. सरांनी घरून बारा मिनिटांचा माहितीपट निवडून आणला होता. 'काढून घेतला तर काय बिघडेल' या प्रश्नावर बराच वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "काही नाही. तो मुलांना फक्त पुन्हा सांगतोय." माहितीपट बाजूला ठेवला. बेटांचा जुना नकाशा आणि आजचा रेल्वेचा नकाशा एकाच मापात बोर्डावर आणला, वरचा अर्धपारदर्शक केला. ते करायला सव्वीस वर्षांच्या टीचरने मदत केली. मग शेवटच्या बाकावर 'विद्यार्थी' होऊन बसलेल्या आम्हा सगळ्यांना पुढे बोलावलं: आपलं स्टेशन शोधा. कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम सापडली. महालक्ष्मीजवळ वरळी आणि मुंबई बेटांमध्ये खाडीचं तोंड होतं, तिथे अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला. आमच्या पीटी सरांचं बोट तिथेच थांबलं. ते रोज त्याच रस्त्याने येतात.

चंद्राला चेंडू लागला, बेटांना बोर्ड लागला. सरांनी जाताना स्वतः बोर्ड बंद केला आणि विचारलं, हे असं शेतसाऱ्याच्या धड्याला काही करता येईल का.

दुसरा शनिवार ४ ऑक्टोबर. त्या दिवशी चंद्राचा पाठ मी सगळ्या शिक्षकांकडून करवून घेणार आहे. चेंडू बावीस लागतील, माझ्याकडे नऊच उरलेत.

पवईचा_बाबा | २१ सप्टेंबर, रात्री १०:०५

वा! नकाशे एकावर एक ठेवायचं मी पुढच्या शनिवारी मुलीच्या शाळेत दाखवतो. सरांना नमस्कार सांगा.

स्पर्शलिपी | २१ सप्टेंबर, रात्री १०:२२

माझ्याकडे मागच्या प्रदर्शनाचे पंधरा चेंडू आहेत, पाच अर्धे सँडपेपर लावलेले. गुरुवारी संध्याकाळी सहाला दादरला आहे, पश्चिमेला फुलबाजाराच्या बाजूच्या जिन्याखाली भेटू शकते. आणि एक, चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरायला सांगा. सरळ रेषेत धरला तर पौर्णिमेच्या जागी आपल्याच डोक्याची सावली त्यावर पडते.

प्रयोगवही | २१ सप्टेंबर, रात्री १०:३१

येते, गुरुवारी सहाला. सावलीचं आमच्या वर्गातही झालं होतं, तेव्हा मी 'वर धर' म्हणून पुढे गेले. यावेळी तिथेच थांबेन. ते ग्रहण आहे.